घरी बांधलेल्या विमानाच्या ॲल्युमिनियमला कोणता स्प्रे प्रायमर मारायचा? सोप्या भाषेत समजून घ्या



आजचा विषय जरा वेगळा आहे. मोबाईल नाही, ॲप नाही. आज बोलायचंय स्प्रेच्या डब्याबद्दल. तोच डबा, जो खळखळ हलवून आपण बाईकच्या सायलेन्सरला काळा रंग मारतो. फरक इतकाच, की आज तो विमानावर मारायचाय.

हसू नका. घरी विमान बांधणारी माणसं आपल्याकडे खरंच आहेत. कॅप्टन अमोल यादव हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. २०१६ मध्ये ते क्रेनने खाली उतरवून बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं होतं. २०१७ मध्ये त्याची डीजीसीएकडे नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याने चाचणी उड्डाण केलं. आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवतात का? घरी जुगाड करून जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या शेवटी तिचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. आनंद महिंद्रांनी त्या जीपच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली.

म्हणजे सातारा-सांगलीच्या मातीत हा किडा आहेच. तो मलाही चावलाय. माझे मामा साताऱ्यात फॅब्रिकेशनचं काम करतात, मी पुण्यात कोड लिहितो. सुट्टीला सांगलीला घरी जाताना मध्ये साताऱ्यात उतरतो आणि मामांच्या शेडमध्ये आम्ही दोघं दोन सीटच्या एका छोट्या विमानाची शेपटी बनवतो. विकतच्या ड्रॉइंगवरून. दीड वर्ष झालं, अजून शेपटीच चाललीय.

तर झालं काय, गेल्या पावसाळ्याआधी आम्ही रडरच्या आतल्या पट्ट्या आणि रिब्ज कापून, वाकवून तयार केल्या. मामा म्हणाले, “अरे, प्रायमर मारून ठेवू. शेडमध्ये रेड ऑक्साईडचा डबा पडलाय.” मी म्हटलं, “मामा, तुम्ही म्हणाल तसं.” मारला. सप्टेंबरमध्ये जाऊन बघतो तर नखाने ओढला की प्रायमर पापडासारखा सुटतोय आणि खाली ठिकठिकाणी पांढरी भुकटी. चाळीसेक पार्ट. काही घासून वाचले, काही सरळ भंगारात गेले.

चूक मामांची नव्हती. लोखंडावर तीस वर्षं त्यांनी तोच प्रायमर मारलाय आणि तिथे तो बरोबरच चालतो. चूक ही होती, की ॲल्युमिनियम म्हणजे लोखंड नव्हे. त्यानंतर मी दोन-तीन महिने वाचत बसलो, तुकड्यांवर ट्रायल घेतल्या. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

ॲल्युमिनियमला गंज चढतो का?

शाळेत आपण शिकलो, की ॲल्युमिनियम गंजत नाही. अर्धं खरं आहे. हवा लागली की ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साईडचा एक थर तयार होतो. काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसापेक्षा हजारो पटींनी पातळ. हा थर घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूला वाचवतो. लोखंडाचा गंज पोपडे काढत खाली खाली जातो, तसं इथे होत नाही.

पण घरात आजी काय सांगायची? आंबट आमटी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नको. कारण चिंचेचं आम्ल आणि मीठ मिळून तो थर फोडतात आणि पातेल्याला बारीक खड्डे पडतात. विमानाच्या बाबतीत आमटीचं काम दमट हवा, खारं वारं, धूळ आणि साचलेलं पाणी करतात.

त्यात दुसरी अडचण. पातेल्याचं ॲल्युमिनियम आणि विमानाचं ॲल्युमिनियम एक नाही. विमानात जास्त वापरला जाणारा २०२४-टी३ नावाचा मिश्रधातू घ्या. त्यात साधारण ४ टक्के तांबं असतं. तांब्यामुळे ताकद येते, पण गंजाचा धोकाही त्याच तांब्यामुळे वाढतो. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये ओलावा, म्हणजे छोटी बॅटरीच झाली की. त्या बॅटरीत खर्च होतं ते ॲल्युमिनियम.

म्हणून या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला मिळतो. त्याला ‘अल्क्लॅड’ म्हणतात. पातळ पत्र्यात हा थर दर बाजूला जाडीच्या साधारण ५ टक्के असतो. आपला पत्रा ०.८ मिमीचा असेल तर हा थर झाला ०.०४ मिमी, म्हणजे ४० मायक्रॉन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे घासताना लागेल.

दुसरा नेहमीचा मिश्रधातू ६०६१-टी६. यात तांबं फार कमी, मॅग्नेशियम आणि सिलिकॉन जास्त. हा गंजाला बऱ्यापैकी दाद देत नाही. कोरड्या हवेत राहणाऱ्या विमानात हे पार्ट कित्येक जण प्रायमरशिवायही ठेवतात.

एवढं मनावर का घ्यायचं?

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांमध्ये अलोहा एअरलाईन्सचं बोईंग ७३७ उडत होतं. १९ वर्षं जुनं विमान, छोट्या छोट्या फेऱ्या, आयुष्यभर समुद्राची खारी दमट हवा. २४ हजार फुटांवर विमानाच्या छताचा मोठा तुकडा फाटून उडून गेला. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली आणि तिचा जीव गेला. वैमानिकांनी विमान कसंबसं उतरवलं, म्हणून बाकीचे वाचले. तपासात दिसलं, की पत्र्यावर पत्रा चढवून जिथे जोडला होता, तिथला चिकटा सुटला होता, आत गंज शिरला होता आणि रिव्हेटच्या भोकांपासून भेगा वाढत गेल्या होत्या.

यात आपल्यासाठी धडा एकच. गंज धोकादायक असतो तो दिसणाऱ्या जागी नाही, तर दोन पत्र्यांच्या मध्ये. रिव्हेट मारल्यावर ती जागा पुन्हा कधीच दिसत नाही. बाहेरचा रंग पाच वर्षांनी परत मारता येतो, आतला प्रायमर मारायची संधी एकदाच मिळते. जीपचा पत्रा गंजला तर गाडी रस्त्याच्या कडेला घेता येते. वर कडेला घ्यायला जागा नसते.

प्रायमर नक्की करतो काय?

दोन कामं.

पहिलं, चिकटणं. ॲल्युमिनियमचा तो ऑक्साईडचा थर गुळगुळीत असतो, त्यावर साधा रंग धरत नाही. प्रायमर मधला दुवा बनतो.

दुसरं, गंज रोखणं. काही प्रायमर फक्त ओलावा अडवतात. काहींमध्ये अशी रसायनं असतात, की ओरखडा पडला तरी आजूबाजूच्या थरातून ती हळूहळू विरघळून उघड्या जागेला सांभाळतात.

दुकानदार “हा प्रायमर एक नंबर आहे” म्हणाला, तर विचारायचं: यातलं कोणतं काम एक नंबर?

स्प्रेच्या डब्यात मिळणारे प्रकार

मोठे कारखाने स्प्रे गन, कॉम्प्रेसर आणि दोन भाग मिसळायचे प्रायमर वापरतात. आपल्यासारख्यांना एका वेळी सहा-सात छोटे पार्ट करायचे असतात. त्यासाठी दर वेळी गन धुवायची म्हणजे कामापेक्षा साफसफाई जास्त. म्हणून स्प्रेचा डबा. आता प्रकार बघू.

१. साधा प्रायमर (रेड ऑक्साईड किंवा ग्रे). हार्डवेअरच्या दुकानात सगळ्यात सहज मिळतो. लोखंड आणि लाकडासाठी ठीक. उघड्या ॲल्युमिनियमवर याची पकड कच्ची. सुरुवातीला छान दिसतो, मग पापड होतो. आणि सुटलेल्या पापडाखाली पाणी अडकलं की प्रायमर नसण्यापेक्षा वाईट अवस्था. आमचा अनुभव वर सांगितलाच. हा नको.

२. झिंक स्प्रे, म्हणजे ‘कोल्ड गॅल्व्हनायझिंग’. नावात झिंक आहे म्हणून बरेच जण फसतात. यात जस्ताची पूड ठासून भरलेली असते आणि ती लोखंडाला वाचवण्यासाठी असते. विमानाच्या जुन्या पुस्तकांत जो ‘झिंक क्रोमेट’ लिहिलेला असतो, तो हा नव्हे. हाही नको.

३. सेल्फ-एचिंग प्रायमर. यात थोडं फॉस्फोरिक आम्ल असतं. ते ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग किंचित खातं आणि रेझिनला धरायला जागा करून देतं. थर अगदी पातळ बसतो, साधारण १० मायक्रॉनच्या आसपास. पटकन सुकतो, पकड चांगली. कारच्या रंगकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो.

तोटा काय? हा थर सच्छिद्र असतो. पकडीत पास, पण एकट्याने पाणी अडवण्यात काठावर. म्हणून बहुतेक कंपन्या लिहितात, की ठरावीक तासांत यावर दुसरा थर मारा. आतल्या, कोरड्या जागच्या पार्टवर बरेच होमबिल्डर हा एकटाच ठेवतात. आपल्या पावसात मी तेवढ्यावर थांबणार नाही.

४. झिंक क्रोमेट आणि झिंक फॉस्फेट. जुन्या विमानांच्या आतला तो पिवळट हिरवा रंग फोटोत बघितलाय? तो झिंक क्रोमेट. गंज रोखण्यात पिढ्यान्‌पिढ्या गाजलेला. पण यातलं क्रोमियम ‘हेक्साव्हॅलंट’ प्रकारचं असतं आणि त्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. मारताना उडणारा फवारा आणि नंतर घासताना उडणारी धूळ, दोन्ही घातक. मामांच्या शेडच्या मागेच मामींचं तुळशीवृंदावन आहे आणि पोरं तिथेच खेळतात. मी हा पर्याय तिथेच बाद केला.

त्याची सौम्य जागा घेतो झिंक फॉस्फेट. गंज रोखण्यात क्रोमेटइतका जोरदार नाही, पण विषारीपणा खूपच कमी. मात्र डब्यावर ‘ॲल्युमिनियमसाठी योग्य’ असं लिहिलंय का, ते बघायचंच. झिंक फॉस्फेट असलेले कित्येक प्रायमर फक्त लोखंडासाठी बनवलेले असतात.

५. टू-के इपॉक्सी, डब्यातच. हा मला सगळ्यात आवडलेला. डब्याच्या आत हार्डनरची वेगळी कुपी असते. वापरायच्या वेळी तळाची पिन दाबायची, कुपी फुटते, दोन मिनिटं जोरात हलवायचं आणि मारायचं. यातला थर नुसता सुकत नाही, रासायनिक क्रियेने कडक होतो. एकदा पक्का झाला की पाणी, तेल, पेट्रोल यांना पुरून उरतो.

तोटे दोन. एक, साध्या डब्याच्या काही पट महाग. दोन, पिन दाबली की घड्याळ सुरू. डब्यावर दिलेल्या मुदतीत तो संपवायचा, नाहीतर आतच दगड होतो. म्हणून आधी भरपूर पार्ट साफ करून तयार ठेवायचे आणि मग पिन दाबायची. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, बॅच प्रोसेसिंग.

एक महत्त्वाचा इशारा: “सेल्फ-एचिंग खाली आणि इपॉक्सी वर, म्हणजे डबल सेफ्टी” असं डोक्यात येईल. माझ्याही आलं होतं. पण एचिंगमधलं उरलेलं आम्ल इपॉक्सीच्या हार्डनरला बिघडवू शकतं, म्हणून बऱ्याच इपॉक्सी कंपन्या हे सरळ नको म्हणतात. एक सिस्टीम निवडा आणि तिचीच पूर्ण पद्धत पाळा.

वजनाचं गणित

विमानात प्रत्येक ग्रॅम मोजायचा असतो. समजा आतल्या सगळ्या पार्टचं मिळून क्षेत्रफळ ४० चौरस मीटर आहे आणि सुकलेल्या प्रायमरची घनता पाण्याच्या दीडपट.

१० मायक्रॉनचा थर: ४० × ०.००००१ मीटर = ०.०००४ घनमीटर, वजन ०.६ किलो.

५० मायक्रॉनचा थर: पाचपट, म्हणजे ३ किलो.

फरक २.४ किलो. हाताला सवय नसेल तर एका पार्टवर १० आणि दुसऱ्यावर ५० मायक्रॉन सहज बसतो. “जाड मारला म्हणजे जास्त टिकेल” हे भिंतीच्या रंगाचं डोकं इथे चालवायचं नाही. जाड थर कडेला ओघळतो, आत कच्चा राहतो आणि दोन पत्रे नीट टेकत नाहीत.

खरं काम मारण्याच्या आधी असतं

डबा कितीही भारी घ्या, पत्रा तेलकट असेल तर पैसे पाण्यात. आमचा आत्ताचा क्रम असा आहे:

१. कापणं, भोकं पाडणं, बर काढणं, वाकवणं, रिव्हेटसाठी डिंपल पाडणं, हे सगळं आधी. प्रायमर मारल्यावर पुन्हा ड्रिल लावलं तर तिथला थर गेलाच.

२. खुणा मार्करने करायच्या, पेन्सिलने नाही. पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं आणि ग्रॅफाइट-ॲल्युमिनियम जोडी म्हणजे पुन्हा तीच बॅटरी. पेन्सिलीच्या रेषेवरच गंजाची रेष उमटू शकते. हे मला माहीतच नव्हतं, मामांनाही नाही.

३. डिटर्जंट आणि पाण्याने धुणं, मग ॲसिटोनने पुसणं. स्वच्छ पांढरं फडकं, एकाच दिशेने, फडकं वारंवार बदलत. घाणेरड्या फडक्याने फक्त तेल पसरतं.

४. हलकं घासणं. त्यासाठी मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट. स्टील वूल किंवा तारेचा ब्रश अजिबात नाही, लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो. अल्क्लॅडचा तो ४० मायक्रॉनचा थर आठवतोय ना? चमक मरेपर्यंतच घासायचं. जोर लावून पॉलिश पेपर मारला तर आपणच तो थर काढून टाकतो.

५. परत धुणं आणि पाण्याची चाचणी. पार्टवर स्वच्छ पाणी ओता आणि उभा धरा. पाण्याचा अखंड पडदा साधारण अर्धा मिनिट टिकला, तर पत्रा साफ. थेंब थेंब होऊन पाणी फुटलं, तर तिथे अजून तेल आहे. फुकटची चाचणी, पण मोठे कारखानेसुद्धा ही वापरतात.

६. पूर्ण सुकवायचं. यानंतर उघड्या हाताने हात लावायचा नाही, हातमोजे घालूनच. बोटाचा घाम म्हणजे मीठ आणि तेल एकत्र. आणि शक्यतो त्याच दिवशी प्रायमर मारायचा, कारण ऑक्साईड आणि धूळ आपली वाट बघत थांबत नाहीत.

साताऱ्याचा पाऊस, सांगलीचं ऊन

इथे तुमचा स्मार्टफोन कामाला येतो. बहुतेक प्रायमरच्या माहितीपत्रकात दोन अटी असतात: हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी बनून पत्र्यावर बसायला लागते ते तापमान. हवामानाच्या बऱ्याच ॲपमध्ये तो लिहिलेला असतो.

उदाहरण घ्या. साताऱ्यात जुलैची संध्याकाळ, २४ अंश, आर्द्रता ९० टक्के. दवबिंदू येतो साधारण २२ अंश. फरक जेमतेम २. पत्रा कोरडा दिसतो, पण त्यावर न दिसणारा ओलावा असतो. डबा खाली ठेवा, चहा घ्या.

सांगलीत फेब्रुवारीची सकाळ, ३० अंश, आर्द्रता ३५ टक्के. दवबिंदू १३ च्या आसपास. फरक १७. चला, सुरू करा.

एप्रिल-मे मध्ये उलटा त्रास. दुपारी पत्र्याच्या शेडखाली ४० च्या वर पारा. फवारा पत्र्यापर्यंत पोचायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत पावडरसारखा बसतो. तेव्हा सकाळी लवकर उरकायचं. आणि डबे शेडमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत ठेवायचे नाहीत. त्यात ज्वलनशील वायू दाबाखाली असतो, ५० अंशांच्या वर डबा फुटू शकतो.

आम्ही आता साधा नियम केलाय. पावसाळ्यात फक्त कापणं-वाकवणं, प्रायमर दिवाळीनंतर. कृष्णाकाठच्या लोकांना वेगळं सांगायला नको. २०१९ चा महापूर ज्यांच्या घरात शिरला होता, त्यांना ओल किती महिने भिंतीत राहते ते माहीत आहे. तयार पार्ट जमिनीवर न ठेवता उंचावर, कोरडे आणि हवेशीर ठेवा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत घाम सुटतो.

मारायचं कसं?

डबा दोन मिनिटं हलवा, आतली गोळी मोकळी वाजली पाहिजे. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. फवारा पार्टच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, नाहीतर कडेला गोळा होतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा. पहिला हात अगदी धुक्यासारखा, मग मधला वेळ सोडून दुसरा हात. विमानाच्या आतल्या पार्टवर खालचा धातू किंचित जाणवला तरी चालतं.

कुठे मारायचा नाही? बोल्टच्या आट्यांवर नाही, बेअरिंग बसतं तिथे नाही, वायरिंगचं अर्थिंग घ्यायचं तिथे नाही. आणि पंखातच बनवलेल्या पेट्रोलच्या टाकीच्या आतल्या बाजूला तर मुळीच नाही. तिथे सीलंट लागतं. सुटलेल्या प्रायमरचा एक पापुद्रा इंधनाच्या जाळीत अडकला तर इंजिन बंद पडू शकतं.

टिकला की नाही, कसं कळणार?

प्रत्येक वेळी त्याच पत्र्याचा एक भंगार तुकडा सोबत मारा. आठवड्याने त्यावर ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारून बुद्धिबळाच्या पटासारखे छोटे चौकोन पाडा, चांगली चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकोन निघाले तर साफसफाईत किंवा प्रायमरमध्ये गडबड आहे. इपॉक्सी असेल तर थिनरच्या फडक्याने थोडं घासूनही बघा. रंग सुटून फडक्यावर आला तर थर अजून पक्का झालेला नाही.

दुसरा तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून सावलीत ठेवा. एक ओरखडा मुद्दाम काढा. दर रविवारी फोटो काढा. आमच्या शेडमध्ये असे पाच तुकडे टांगले होते आणि प्रत्येकावर मार्करने नाव. सेल्फ-एचिंगच्या ओरखड्याशेजारी तिसऱ्या आठवड्यात पांढरं दिसायला लागलं. इपॉक्सीवर महिनाभर काही नव्हतं. रेड ऑक्साईडचं सांगतच नाही.

फोटो तुकड्यांचेच नाही, प्रत्येक पार्टचे काढा, तारखेसह. हे विमान उडवायचं असेल तर शेवटी डीजीसीएची परवानगी लागते आणि बंद झालेल्या जोडाच्या आत काय केलंय, हे दाखवायला तुमच्याकडे तेच फोटो असतील.

स्वतःला सांभाळा

कापडी रुमाल म्हणजे मास्क नव्हे. साधा धुळीचा मास्कही नाही. रंगाच्या वाफेसाठी सेंद्रिय वाफ शोषणारी कार्ट्रिज आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला मास्क लागतो. नायट्राईल हातमोजे, डोळ्यांना चष्मा, दोन्ही बाजूंनी वारा असलेली जागा. इपॉक्सीच्या हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहू शकते. आणि शेजारी वेल्डिंग चालू असताना फवारा मारायचा नाही. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हे मुद्दाम लिहून लावावं लागतं. आम्ही लावलंय.

मग आम्ही काय निवडलं?

आमचा हिशोब असा झाला. ६०६१ चे आतले पार्ट असतील, तर पत्रे जिथे एकमेकांवर चढतात तेवढ्या जागी पातळ प्रायमर, बाकी उघडं. २०२४ चे पार्ट, कापलेल्या कडा आणि जिथे स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तिथे टू-के इपॉक्सी. सेल्फ-एचिंग फक्त तिथे, जिथे लगेच त्याच कंपनीने सांगितलेला वरचा थर मारणार आहोत.

खरेदीच्या आधी फोनवर त्या प्रायमरचं टेक्निकल डेटा शीट उघडा. सहा गोष्टी शोधा: ॲल्युमिनियमवर चालतो का, सुकलेल्या थराची जाडी किती, वरचा थर लागतोच का, लागत असेल तर किती तासांत, पिन दाबल्यावर मुदत किती आणि क्रोमेट आहे का. डेटा शीटच मिळत नसेल तर तो डबा विमानासाठी नाही. परदेशातून मागवायच्या फंदातही पडू नका. दाबाचे डबे विमानाच्या कार्गोत धोकादायक माल धरतात, पार्सल अडकतं.

परवा मामांनी नव्या रिबला नखाने ओरबाडून बघितलं. काहीच निघालं नाही. म्हणाले, “आता हाय ही खरी पकड. पण एवढं धुणं-पुसणं? लग्नाच्या मुलीला बी एवढं नटवत नाहीत रं.” मग स्वतःच पुढचा पत्रा उचलून नळाखाली धरला आणि पाण्याचा पडदा फुटतो का बघत बसले. फुटला. काही न बोलता त्यांनी पुन्हा ॲसिटोनचं फडकं घेतलं.